आन् त्याच्या खाली?

माती चाखून बघणारी दोनच माणसं मी आयुष्यात बघितली. एक माझी धाकटी वहिनी. तिला डोहाळे लागले होते, म्हणून ती भिंतीचे पोपडे काढून खायची. दुसरी कस्तुरी बिरादार. हिला कसलेच डोहाळे नव्हते. ही माझ्या नववीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची.

मी तेव्हा बसवकल्याण तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी शाळेवर होते. आमच्याकडं मास्तरणीला बाई म्हणत नाहीत, टीचर म्हणतात. कानडी शाळेतलं ते वळण मराठी शाळेतही आलेलं. तर मी टीचर. माझा खरा विषय इतिहास. भूगोलाला माणूस नव्हता म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मी तो नोट्सवर निभावून नेत होते. एका वहीत सगळ्या धड्यांची तयार उत्तरं होती, दरवर्षी तीच फळ्यावर उतरवायची. पण पोरांना माझा तास आवडायचा, कारण मी हसवायचे. शेवटच्या बाकावरचं झोपाळू कार्टंसुद्धा माझ्या तासाला जागं असायचं. या गोष्टीचा मला भारी अभिमान होता. आता त्याच अभिमानाची लाज वाटते, पण ते पुढं सांगते.

त्या दिवशी धडा मातीचा होता. मी म्हटलं, उद्या प्रत्येकानं घरून मूठभर माती आणायची. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं विसरली, उरलेल्यांनी शाळेच्या फाटकाजवळूनच उचलून आणली. कस्तुरीनं मात्र दप्तरातून एकामागून एक अकरा बाटल्या काढून बाकावर मांडल्या. दवाखान्यात इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या असतात ना, रबरी बुचाच्या, त्या. प्रत्येकीवर कागद चिकटवून पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘विहिरीची कड, दोन हात खाली’, ‘मारुतीमागं, वरचीच’, ‘आमचा उकिरडा सोडून पुढं’. मी एक बाटली उचलून विचारलं, “ही कुठली गं?” तिनं बूच काढलं, बोटानं चिमूटभर काढून जिभेवर ठेवली आणि म्हणाली, “काळी हाय टीचर. जिभेला चिकटायली. लाल चिकटत न्हाई, खरखर करती. लालला खिळ्याची चव असती.”

पन्नास पोरं खिदळली. मीही हसले. “अगं, मधल्या सुट्टीपर्यंत तरी थांब, डबा आणलाय की नाही?” असं काहीतरी बोलले. ती मान खाली घालून बूच लावत बसली. तिला हसण्याचं काही वाटत नव्हतं, कारण तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

दिसायला कशी होती? काटकुळी, दोन वेण्या, लाल रिबिनी. परकराचा घोळ कायम मातकट. घर लिंगायतांचं, तूर-हरभऱ्याचा व्यापार आणि थोडं शेत. घरात अव्वा-अप्पांशी अर्धं कानडी, शाळेत मराठी, बाजारात दखनी. तिन्ही भाषांत पोरीचा प्रश्न एकच. ‘आन् त्याच्या खाली?’ वर काय आहे हे सांगितलं की तिचं समाधान व्हायचं नाही. काळ्या मातीच्या खाली मुरूम. आन् त्याच्या खाली? दगड. आन् त्याच्या खाली? मी म्हणायचे, “त्याच्या खाली अमेरिका, जा आता घरी.” कुठं विहीर खणत असले, पाया खोदत असले, रस्त्यासाठी टेकडी कापत असले की ही काठावर उकिडवी बसलेली. एकदा तर एका मयतीच्या वेळी खड्ड्यात डोकावून बघत होती म्हणून तिच्या अव्वानं सगळ्यांदेखत पाठीत धपाटा घातला होता. लिंगायतांत पुरतात, तेव्हा खड्डा खोल असतो. पोरीला तेवढंच दिसलं.

चाचणीत मी प्रश्न घातला, ‘जांभी माती कोठे आढळते?’ माझ्या वहीतलं उत्तर होतं, जास्त पावसाच्या प्रदेशात, उदाहरणार्थ कोकण. सगळ्यांनी तेच लिहिलं. कस्तुरीनं लिहिलं, ‘आमच्या घराच्या भिंतीत, शाळेच्या पायरीत आणि बिदरच्या किल्ल्यात. पण इथे जास्त पाऊस पडत नाही. मग ती इथे कशी तयार झाली हे टीचरनी सांगितले नाही.’

मी दोनपैकी शून्य दिलं आणि लाल शाईनं शेरा मारला, ‘वात्रटपणा’.

खरं सांगते, मला तोवर ठाऊकच नव्हतं. ज्या लाल दगडाच्या पायरीवर चपला काढून मी रोज वर्गात शिरायचे, तोच जांभा, हे मला माहीत नव्हतं! ती पेपर घेऊन टेबलापाशी आली.

“टीचर, कामून कापले?”

“वात्रटासारखं लिहिलंस म्हणून.”

“मग खरं काय हाय? हितं कशी आली ती?”

आता वर्गासमोर काय सांगायचं? मी म्हटलं, “कोकणात पावसाला कंटाळली असेल, आली असेल चालत!” वर्ग फुटला हसून. तास वाचला.

तीन दिवसांनी कस्तुरी पुन्हा टेबलापाशी हजर. “टीचर, ती चालत न्हाई आली.” मला आधी कळेचना काय म्हणतेय. ती म्हणाली, “मी हुमनाबादच्या रस्त्यानं मामाकडं गेलते तवा बघितलं. लाल सगळी वर माळावर हाय, उतरलं की खाली काळी लागती. वाहत, चालत आली असती तर खाली साठली असती. वर कशी ऱ्हाईल?”

माझी थट्टा त्या पोरीनं खरी धरली होती, तीन दिवस पारखली होती आणि पुरावा देऊन मोडून काढली होती. मी म्हटलं, “बरं बाई, तू जिंकलीस.” एवढंच. दोन गुण दिले नाहीत.

त्याच वर्षी हिवाळ्यात बिदरची सहल निघाली. किल्ला, तोफ, मदरसा, डबा खायचा आणि परत. कस्तुरी सकाळपासून मागं लागली होती की नौबादला जाऊ, तिथं जुन्या काळचं जमिनीखालून पाणी आणणारं भुयार आहे. “यादीत नाही,” मी म्हटलं. दुपारी डोकी मोजली तर एक कमी. लेकरं मोजून आणलेली, परक्या गावात, त्यात मुलगी! तासाभरानं एका रिक्षावाल्यानं सांगितलं आणि आम्ही नौबादला गेलो. भुयाराच्या तोंडाशी पाण्यात पाय सोडून महाराणी बसली होती.

मी तिला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. ती गालावर हात ठेवून म्हणाली, “टीचर, मारा. पर एकदा आत बघा. वर लाल दगड हाय, चाळणीवानी. खाली काळा, ताटावानी. पाणी चाळणीतून गळतंय आन् ताटात थांबतंय. त्या लोकांनी बरोब्बर ताटाच्या कडंनं खणलंय.”

मी आत बघितलं नाही. दंडाला धरून तिला बसमध्ये बसवलं.

आज मी निवृत्त होऊन मुलाकडं राहते, ते नौबादलाच. सकाळी फिरायला त्याच भुयाराच्या बाजूनं जाते. चाळणी आणि ताट, अगदी तसंच आहे.

दहावीच्या वर्षी शाळेला बोअर मंजूर झाली. आमच्याकडं बोअर मारायची तर आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी चालत राहतो. जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी. लग्नाला भटजी किंवा जंगम हवा, तसा बोअरला पाणाड्या हवाच, मग पदवीधर हेडमास्तर का असेना. पाणाड्या मैदानभर फिरला आणि शाळेमागच्या उंचवट्यावर नारळ उभा राहिला. शाळा समितीनं हळद-कुंकू वाहिलं. तेवढ्यात पोरांच्या घोळक्यातून कस्तुरी म्हणाली, “तिथं लागणार न्हाई. खाली उतारावर, बाभळीपाशी लागंल. तिथं लाल संपायलीय.”

हेडमास्तर भले गृहस्थ, ते माझ्याकडं वळले. “टीचर, तुमचा विषय आहे. तुम्ही काय म्हणता?”

कस्तुरी माझ्याकडं बघत होती. नौबादची थोबाडीत मला आठवत होती, चाळणी आणि ताटही आठवत होतं. पोरगी बरोबर बोलतेय हे मला आतून पटलं होतं. पण समितीची माणसं उभी, पाणाड्या उभा, आणि समजा तिथंही कोरडीच गेली तर? मी म्हटलं, “सर, नारळाच्या पोटात पाणी असतं, माझ्या पोटात नुसता चहा. पाण्यातलं त्यालाच जास्त कळणार!”

जोरात हशा झाला आणि मशीन उंचवट्यावर लागलं. संध्याकाळपर्यंत नुसती भुकटी उडाली, पाण्याचा थेंब नाही. पोरं पळाली घरी. कस्तुरी मात्र मशीनजवळ थांबली होती. मशीनवाले नवा पाइप जोडायला थांबले की ही पुढं व्हायची, मूठभर भुकटी उचलायची, वहीच्या पानात पुडी बांधायची आणि वर आकडा घालायची. वर लाल, मग जांभळट, मग पांढरी, मग काळी. डोक्यापासून पायापर्यंत पोरगी रंगली होती. समितीतला एकजण म्हणाला, “हिचीच जीभ काळी, शुभ कामात नाट लावली.” मी ऐकलं. मी शेजारीच होते.

दोन वर्षांनी दुसरी बोअर बाभळीपाशी मारली. तिला भरपूर पाणी आहे. तिथल्या फरशीवर देणगीदाराचं नाव कोरलंय.

कस्तुरी पुढं बसवकल्याणला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेली. अधूनमधून घरी यायची, काही ना काही दाखवायला. तिच्या मनात काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गुलबर्ग्याला मावशीकडं राहायचं, भूगोल घेऊन बी.ए. करायचं, मग पुढचंही करायचं. दुसरं काही तिला नकोच होतं. निकाल लागला, छान मार्क पडले, आणि मे महिन्यात एका दुपारी शिवराजअप्पा, म्हणजे तिचे वडील, पेढे घेऊन माझ्या घरी आले. मागं कस्तुरी. ती आत आली नाही, उंबऱ्यापाशीच बसली, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. माझ्याकडं त्या दिवशी पाहुणे होते, माझे दीर-जाऊ, नणंद. घर भरलेलं.

शिवराजअप्पा रांगडा पण सरळ माणूस. पाणी पिऊन म्हणाले, “टीचर, तुमाला इच्यारून करावं म्हणायलोय. खजुरी गावचं एक स्थळ आलंय, माणसं चांगली हायत. पर ही म्हणायलीय, गुलबर्ग्याला जाती, भूगोल शिकती. मला त्यातलं काय कळत न्हाई. तुमी सांगा. भूगोल शिकून काय व्हतंय?”

आमच्या भागात शिकलेल्या माणसाच्या शब्दाला अजून वजन आहे. घरात दहा माणसं बोलतील, पण पोरीला पुढं शिकवायचं की नाही हे मास्तरांना विचारून ठरतं. मास्तर हो म्हणाले तर बाप भावकीशी भांडतो. एवढा मोठा अधिकार माझ्या पुढ्यात पेढ्यांसोबत ठेवलेला. आणि मी काय केलं?

मी पदर खोचला, पाहुण्यांकडं एक नजर टाकली आणि म्हटलं, “काय व्हायचंय शिवराजअप्पा? माझ्यासारखी टीचर होईल. जगाचा नकाशा फळ्यावर काढेल आणि जन्मभर बसवकल्याण ते हुमनाबाद एवढंच बघेल!”

नणंद तर पोट धरून हसली. दीर हसले. शिवराजअप्पाही हसले, मोकळे होऊन हसले. म्हणाले, “बरं झालं टीचर, डोक्यावरचं ओझं उतरलं.” मी वळून उंबऱ्याकडं बघितलं तर कस्तुरी चपला घालत होती. मला वाटलं, नंतर निवांत गाठून अप्पांना नीट सांगू. चार दिवस पाहुण्यांत गेले, आठ दिवस शाळा उघडण्यात. आषाढ लागायच्या आत तिच्या लग्नाची पत्रिका आली. वर माझं नाव वळणदार अक्षरात, ‘टीचर, सहकुटुंब’.

त्या लग्नात मी जेवले. आहेर केला. तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

आता घरी बसून आहे तर ती एक दुपार मी किती वेळा उकरते, काय सांगू! ती नुसती थट्टा होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. मग तिचाच आवाज येतो. आन् त्याच्या खाली? त्याच्या खाली भीती. पाठवा म्हटलं आणि गुलबर्ग्यात पोरीचं काही बरंवाईट झालं, तर गाव मला विचारेल, ही भीती. आन् त्याच्या खाली? त्याच्या खाली जे आहे ते लिहायला हात कचरतो. ती पोरगी माझ्यापेक्षा जास्त जाणत होती. तिच्यासमोर मला माझी वही दिसायची, दरवर्षी फळ्यावर उतरवलेली. मला तिचा हेवा वाटायचा. अठरा वर्षांच्या पोरीचा हेवा, आणि तोही माझ्याच विद्यार्थिनीचा.

निवृत्तीनंतर मी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. मुलानं ग्रंथालयातून पुस्तकं आणून दिली, ती वाचली. आणि गेल्या माघात आळंदला एका लग्नाला गेले होते, येताना मुद्दाम खजुरीला उतरले. मनाशी ठरवलं होतं, उत्तर सांगायचं आणि माफी मागायची.

घर शोधायला त्रास झाला नाही. अंगणात तुरी वाळत होत्या. सासूबाई बाजेवर बसल्या होत्या, त्यांनीच हाक मारली, “कस्तुरी, बग कोण आलंय!” ती बाहेर आली. अंगानं भरलेली, डोक्यावर पदर, हाताला पीठ. “टीचर!” म्हणून पाया पडली. घर खाऊनपिऊन सुखी, सासू मायाळू, नवरा बाजारला गेलेला, दोन मुलं शाळेत. वाईट म्हणावं असं काहीच नव्हतं. तेच मला जास्त लागलं, रागवायलाही कोणी नव्हतं.

चुलीपाशी पाट टाकून तिनं बसवलं. मी विचारलं, “तुझ्या बाटल्या कुठं आहेत गं?”

“अव्वाकडंच ऱ्हाईल्या. अव्वानं माती तुळशीला घातली, बाटल्या टाकून दिल्या.” मग हसून म्हणाली, “माती मातीत गेली टीचर. कुठं जायलीय?”

मी घाईघाईनं सुरुवात केली. “कस्तुरी, आपल्याकडं लाल माती कशी आली, ते मी वाचलं. फार फार पूर्वी इथंही कोकणासारखा धो धो पाऊस असणार. त्या पावसानं काळा दगडच कुजला, आणि...”

“...आन् त्याचाच लाल झाला,” ती म्हणाली. पोळी उलटत होती. “शाळेच्या बोअरच्या भुकटीत बघितलं व्हतं मी. वर लाल, मग जांभळट, मग पांढरी माती, खाली काळा दगड. मधी कुठं तुटलेलं न्हाई. एकातून एक झालंय. पीयूसीला असताना ध्यानात आलं माज्या.”

मी विचारलं, “मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगायलाच आलते की. त्या दिवशी. सगळ्या पुड्या पिशवीत आणल्या व्हत्या, ओळीनं मांडून दाखवावं म्हणून.” तिनं पोळी टोपलीत टाकली. “तुमच्याकडं पाव्हणे व्हते.”

उंबऱ्यातली ती कापडी पिशवी! मी समजले होते, पेढ्यांची दुसरी पिशवी असेल.

मी म्हटलं, “माझं चुकलं गं कस्तुरी. अप्पांना मी तसं बोलायला नको होतं.”

तिनं तवा उतरवून चहा गाळला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “अप्पा तुमच्याकडं येतच नव्हते टीचर. मीच म्हणले, टीचरला इच्यारा. टीचर म्हणतील तसं करा, मी काई बोलणार न्हाई.” आणि कप माझ्याकडं सरकवला. “चहा घ्या. थंड व्हायलाय.”

मी चहा घेतला. दुसरं काय करणार होते?

मला सोडायला ती रस्त्यापर्यंत आली. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, मशीननं कड उभी कापली होती, ताजी, ओलसर. बस आली. तिनं माझी पिशवी वर दिली, म्हणाली, “सावकाश जावा टीचर.” बस सुटली आणि मी मागच्या काचेतून बघत राहिले. ती परत फिरली, चार पावलं गेली आणि त्या कापलेल्या कडेपाशी थांबली. पदर सारखा केला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग वाकून चिमूटभर माती उचलली आणि पटकन जिभेवर ठेवली.

नववीच्या वर्गात पन्नास पोरं खिदळत असताना तिनं एकदाही आजूबाजूला बघितलं नव्हतं.